ग्राउंडच्या बोर्डवरचा माणूस : नेव्हिल डिसूझाची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत का? ज्यांनी विरार लोकलमध्ये लावलेत त्यांनी आवाज थोडा वाढवा, कारण आज माझा आवाज बसलाय. काल रात्री कनकियाच्या टर्फवर अकरा ते बाराचा स्लॉट होता आणि मी खेळलो कमी, ओरडलो जास्त. गुडघ्याची परिस्थिती जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. नव्यांना सांगतो, पुढे येईलच.

आजचा विषय एक फुटबॉलर आहे. स्ट्रायकर. पण सुरुवात करतो एका लाजिरवाण्या प्रसंगापासून.

माझा एक मावसभाऊ आहे, भाईंदर वेस्टला राहतो. सतरा वर्षांचा. अकरावी सायन्स झाली, आता बारावी. क्लासची फी भरून झालीय, तीही दोन वर्षांची एकदम. आणि या मुलाने जूनमध्ये घरी जाहीर केलं की मला जेईई द्यायची नाही, मला फुटबॉल खेळायचाय. नुसतं हौस म्हणून नाही, करिअर म्हणून. घरात काय झालं असेल ते मी सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात एकदा तरी झालंय, फक्त फुटबॉलच्या जागी तबला असेल, यूट्यूब चॅनल असेल, शेफ व्हायचं असेल.

मावशीने फोन कोणाला केला? मला. का? कारण मी घरातला ‘सेटल’ माणूस. बीटेक, आयटी, मीरा रोडला वन बीएचके, ईएमआय चालू. आणि मुख्य म्हणजे मी पण एके काळी कॉलेजच्या टीमचा स्ट्रायकर होतो आणि ‘शहाण्यासारखं सोडून दिलं’. हे मावशीचे शब्द. मी सोडलं नव्हतं. थर्ड इयरला इंटर-कॉलेजच्या क्वार्टर फायनलच्या आधी गुडघा सुजला होता, आमच्या सरांनी स्प्रे मारून उतरवलं, आणि सत्तराव्या मिनिटाला वळताना आवाज आला. ज्यांचं एसीएल गेलंय त्यांना तो आवाज माहीत आहे. सोडण्या-न सोडण्याचा प्रश्नच राहिला नाही. पण घरच्यांच्या गोष्टीत मी ‘शहाणा’ ठरलो आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही.

तर मावशी म्हणाली, तू त्याच्याशी बोल, तुझं ऐकेल तो.

बरं. घरात बसवून लेक्चर देण्यापेक्षा मी म्हटलं, चल, रविवारी मॅच बघायला जाऊ. वांद्र्याला, नेव्हिल डिसूझा ग्राउंडवर. मुंबईच्या लीगच्या मॅचेस तिथे होतात. माझा गुप्त प्लॅन असा होता की तिथे त्याला खरं चित्र दिसेल. रविवारची दुपार, ऊन, पन्नास-साठ प्रेक्षक, त्यात निम्मे खेळाडूंचे मित्र. बघ बाबा, हे आहे करिअर. असं काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो.

गेटवर त्याने बोर्ड वाचला आणि विचारलं, “दादा, हा नेव्हिल डिसूझा कोण?”

आणि मला माहीत नव्हतं.

मी त्या ग्राउंडवर स्वतः खेळलोय. ‘नेव्हिलला भेटू’, ‘नेव्हिलला मॅच आहे’ असं शंभर वेळा बोललोय. लोक कसे ‘शिवाजी पार्कला भेटू’ म्हणतात, तसं. मी काहीतरी पुटपुटलो, बहुतेक जुना कोणी अध्यक्ष वगैरे असेल. म्हणजे बघा, आपल्याकडे मैदानाला कोणाचं नाव असतं? नगरसेवकाच्या वडिलांचं. डोक्यात तेच आलं.

परत येताना ट्रेनमध्ये त्याने फोनवर शोधलं आणि अंधेरी जायच्या आत माझ्यासमोर स्क्रीन धरली. “दादा, ऑलिम्पिक टॉप स्कोरर आहे हा.”

तर त्या दिवसापासून मी वाचतोय. आज ते सगळं तुमच्यासमोर.

नेव्हिल डिसूझाचा जन्म 3 ऑक्टोबर 1932 चा, गोव्यात, बार्देशमधल्या आसगावचा. आज आसगाव म्हटलं की रील्समधले कॅफे आठवतात, तेच गाव. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. हे लक्षात ठेवा, कारण यातली गंमत पुढे आहे. हा मुंबईत फुटबॉल खेळला, आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून, मग कॅलटेक्सकडून. कॅलटेक्स म्हणजे तेल कंपनी. तिचा इथला कारभार पुढे सरकारने घेतला आणि 1978 मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये आला. म्हणजे तुम्ही घोडबंदर रोडला ज्या पंपावर पेट्रोल भरता, त्याच्या पूर्वजांची एक फुटबॉल टीम होती, आणि ती साधीसुधी नव्हती. 1958 चा रोव्हर्स कप त्या टीमने जिंकला. रोव्हर्स कप म्हणजे कूपरेजवर व्हायचा तो, 1891 पासूनचा, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. तोही आता बंद पडून वीसहून जास्त वर्षं झाली.

त्या काळातली सिस्टीम समजून घ्या, कारण मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. तेव्हा ‘प्रोफेशनल फुटबॉलर’ असा प्रकार मुंबईत नव्हता. कंपन्यांच्या टीम्स होत्या. टाटा, कॅलटेक्स, पुढे मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा, आणि रेल्वे तर होतीच. तुम्ही चांगले खेळता? कंपनी तुम्हाला नोकरीवर घेणार. पगार नोकरीचा, घाम मैदानावर. खेळ संपला की नोकरी राहते. आजच्या भाषेत सांगायचं तर, जॉब सिक्युरिटीसकट साइड हसल, फक्त साइड हसल हीच खरी नोकरी.

1954 मध्ये बॉम्बेने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली. तोपर्यंत ती स्पर्धा म्हणजे जवळजवळ बंगालची घरची स्पर्धा होती. म्हणजे नेव्हिल ज्या शहरात खेळत होता, ते शहर तेव्हा फुटबॉलमध्ये खरंच दादा होतं. हे मला ऐकून विचित्र वाटलं, कारण आपण लहानपणापासून ऐकतो की मुंबई म्हणजे क्रिकेट, दादर, शिवाजी पार्क, खडूस. त्या शहराच्या आत अजून एक शहर होतं.

आता येऊ मेलबर्नला. 1956. पण मेलबर्न कळायला आधी हेलसिंकी.

हेलसिंकी ऑलिम्पिक, 1952. मराठी माणसाला हे ऑलिम्पिक एकाच कारणासाठी माहीत असतं, आणि माहीत असायलाच हवं: खाशाबा जाधव, कुस्ती, कांस्यपदक. पण त्याच हेलसिंकीत भारताची फुटबॉल टीम युगोस्लाव्हियाकडून 10-1 ने हरली. दहा-एक! आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. थंडीत, ओल्या मैदानावर. आपला एकमेव गोल अहमद खानचा. या मॅचनंतर ठरलं की बस, आता बूट घालायचे.

कोच होते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. ‘मैदान’ पिक्चर ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहेत, अजय देवगणने केलेला रोल. रहीम साहेबांची एक गोष्ट मला इंजिनियर म्हणून फार आवडली. ते हैदराबादमध्ये अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात ड्रिबलिंग करायलाच बंदी. बॉल आला की पास. आणि दुसऱ्या अशा, ज्यात फक्त कमजोर पायाने खेळायचं. म्हणजे उजव्या पायाचा असशील तर डाव्याने. बघा, ही कंस्ट्रेंट लावून ट्रेन करण्याची आयडिया. आपल्याकडे आजही टर्फवर येणारा प्रत्येक जण चार लोकांना चकवायला बघतो आणि पाचव्याकडे बॉल देऊन येतो. मी पण त्यातलाच.

तर 1956, मेलबर्न. पहिल्या राउंडला आपली मॅच हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतली. हे ते वर्ष आहे जेव्हा हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. मग बाय मिळून भारत डायरेक्ट क्वार्टर फायनलला. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कमेंटमध्ये कोणीतरी सांगणारच: त्या वर्षी बऱ्याच देशांनी माघार घेतली होती, स्पर्धेत जेमतेम अकरा टीम्स उरल्या होत्या. आणि ऑलिम्पिकमध्ये व्यावसायिक खेळाडूंना बंदी होती, म्हणून पश्चिम युरोपातले मोठे खेळाडू नव्हतेच. मान्य. पण पूर्व युरोपातल्या देशांचे मोठे खेळाडू होते, कारण कागदावर ते सैन्यात किंवा कारखान्यात नोकरीला होते. म्हणजे आपल्या कॅलटेक्ससारखंच, फक्त कंपनीच्या जागी सरकार. सोव्हिएत युनियनच्या गोलमध्ये लेव याशीन उभा होता. तो याशीन, ज्याच्या नावाने आज जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला ट्रॉफी देतात. तेव्हा ‘सोपी स्पर्धा होती’ हे अर्धसत्य आहे.

1 डिसेंबर. क्वार्टर फायनल. समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

नवव्या मिनिटाला नेव्हिल. 1-0.

सतराव्याला ऑस्ट्रेलियाचा ब्रूस मॉरो. 1-1.

तेहतिसाव्याला नेव्हिल. 2-1.

एक्केचाळिसाव्याला परत मॉरो. 2-2. हाफ टाइम.

जरा थांबा इथे. तुम्ही स्ट्रायकर आहात. परक्या देशात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर तुम्ही दोनदा टीमला पुढे नेलंय आणि दोनदा ती आघाडी गेलीय. ब्रेकमध्ये पाणी पिताना डोक्यात काय येईल? माझ्या डोक्यात आलं असतं: यार, माझं काम मी केलंय, आता डिफेन्सने बघावं. खोटं नाही सांगत. टर्फवर मी हे शब्दशः बोललोय, मागच्याच महिन्यात.

नेव्हिलने पन्नासाव्या मिनिटाला तिसरा मारला. 3-2. हॅट्ट्रिक. ऐंशीव्याला किट्टूने चौथा घातला आणि मॅच संपली, 4-2. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला पोचलेला भारत हा पहिला आशियाई देश.

सेमीफायनल, 4 डिसेंबर. समोर कोण? युगोस्लाव्हिया. तेच, दहा-एकवाले. पहिला हाफ 0-0. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल. भारत 1-0 ने पुढे.

फक्त दोन मिनिटं.

चोपन्नाव्याला त्यांनी बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला दुसरा, पासष्टाव्याला तिसरा, आणि शेवटी अठ्ठ्याहत्तराव्याला आपलाच सेल्फ गोल. 4-1. मग कांस्यपदकाच्या मॅचमध्ये बल्गेरियाने 3-0 ने हरवलं. भारत चौथा. युगोस्लाव्हिया फायनलला सोव्हिएत युनियनकडून 1-0 ने हरला. नेव्हिलचे चार गोल. स्पर्धेत सगळ्यात जास्त, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने.

हे सगळं मी एका शीटमध्ये टाकलं, सवय आहे, काय करणार. आणि मग एक गोष्ट दिसली. नेव्हिलचे चारही गोल बघा: 1-0, 2-1, 3-2, 1-0. चारातला एकही गोल मॅच आधीच हातात आल्यावर मारलेला नाही. एकही पिछाडीवरचा समाधानाचा गोल नाही. प्रत्येक गोलने भारत पुढे गेला. चार वेळा या माणसाने आघाडी दिली आणि तीन वेळा ती गेली. मला वाटतं, स्ट्रायकरचं मोजमाप करायला ‘चार गोल’ या आकड्यापेक्षा हे जास्त बोलतं. टर्फवर 6-1 असताना मारलेले माझे तीन गोल आणि 2-2 असताना मारलेला एक, यात फरक आहे की नाही? आहे. आणि मला त्यातला दुसरा प्रकार कधी जमला नाही, हेही सांगून टाकतो.

आता ती गंमत. डिसेंबर 1956. भारताकडून गोल मारणारा हा माणूस ज्या आसगावात जन्मला, ते आसगाव तेव्हा भारतात नव्हतं. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. मेलबर्नच्या आदल्याच वर्षी, 1955 मध्ये, सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि गोव्याच्या सीमा बंद झाल्या होत्या. मुंबईत राहणाऱ्या गोयंकारांची गावं पलीकडे अडकली होती. आणि इथे निळ्या जर्सीत एक गोयंकार मुंबईकर भारताला आघाडी देत होता. ‘तू मूळचा कुठला रे?’ हा प्रश्न आपल्याकडे मीरा रोडला दर दुसऱ्या दिवशी कोणीतरी कोणालातरी विचारतो, कधी प्रेमाने, कधी वेगळ्याच हेतूने. मी फक्त तारीख सांगितली, बाकी तुम्ही विचार करा.

बरं, मग हा माणूस आपल्याला माहीत का नाही?

पहिलं उत्तर सोपं आहे, चौथा नंबर. पदक नाही तर फोटो नाही. त्याच मेलबर्नमध्ये आपल्या हॉकी टीमने पाकिस्तानला फायनलला 1-0 ने हरवून सुवर्ण आणलं. मग फुटबॉलचा चौथा नंबर कोण लक्षात ठेवणार? पण हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. कारण मिल्खा सिंग पण रोममध्ये चौथाच आला होता. पी. टी. उषा पण लॉस एंजेलिसमध्ये चौथीच आली होती. त्यांचं चौथं येणं अख्ख्या देशाला पाठ आहे. एका शतांशाने गेलं, हे शाळेतली मुलं पण सांगतात.

इथे मी तुम्हाला ऑस्ट्रियात नेतो. हो, ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया नाही. हान्स क्रांकल नावाचा त्यांचा स्ट्रायकर. 1978 चा वर्ल्ड कप, अर्जेंटिनात कोर्दोबा शहर, समोर पश्चिम जर्मनी. क्रांकलने दोन गोल मारले, दुसरा अगदी शेवटाकडे, आणि ऑस्ट्रिया 3-2 ने जिंकला. आता ऐका: या मॅचच्या आधीच ऑस्ट्रिया स्पर्धेतून बाहेर पडलेला होता. जिंकून पुढे जायचं नव्हतंच काही. नेव्हिलच्या हॅट्ट्रिकने सेमीफायनल मिळाली, क्रांकलच्या गोलने काहीच मिळालं नाही. तरी आज ऑस्ट्रियात ‘कोर्दोबा’ म्हटलं की म्हाताऱ्यापासून पोरांपर्यंत सगळ्यांना कळतं. क्रांकल पुढे बार्सिलोनाला गेला, पहिल्याच सीझनला स्पेनच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारले, ते सगळं आहेच. पण कोर्दोबा अमर झालं ते एका आवाजामुळे. एडी फिंगर नावाचा रेडिओ समालोचक त्या गोलला मायक्रोफोनवर इतका बेभान ओरडला, आता मी वेडा होणार असं त्यांच्या व्हिएन्नी बोलीत, की ते रेकॉर्डिंग आजही वाजतं. लोकांना गोलच्या आधी तो आवाज आठवतो.

नेव्हिलच्या तिसऱ्या गोलला असा कोणताही आवाज आपल्या कानात नाही. मला वाटतं, इथे घोटाळा आहे. शर्यत एका माणसाची असते, तिची गोष्ट सांगायला सोपी, एक माणूस, एक सेकंद. फुटबॉलची गोष्ट कोणीतरी ओरडून सांगावी लागते, आणि परत परत सांगावी लागते. मुंबईत ती सांगणारे उरले नाहीत, कारण ज्या टीम्स होत्या त्या एकेक करून गेल्या. महिंद्रा युनायटेड, जी नॅशनल लीग जिंकलेली टीम होती, ती 2010 मध्ये बंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो. एका टीमबरोबर तिच्या सगळ्या गोष्टी पण जातात.

पुढचं नेव्हिलचं करिअर थोडक्यात. मेलबर्नहून परतताना सिडनीत 12 डिसेंबरला परत ऑस्ट्रेलियाशी मॅच झाली आणि भारताने ती 7-1 ने जिंकली. क्वार्टर फायनल नशिबाने जिंकलात असं ज्यांना म्हणायचं होतं त्यांच्यासाठी. मग 1958 चा कॅलटेक्सचा रोव्हर्स कप. 1960 ला भारत रोम ऑलिम्पिकला गेला, त्या टीममध्ये नेव्हिल नव्हता. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. त्याचा भाऊ डेरिक पण भारताकडून खेळला. 16 मार्च 1980 ला नेव्हिल गेला, वयाच्या 47 व्या वर्षी. आणि रोमनंतर भारतीय फुटबॉल टीम आजपर्यंत ऑलिम्पिकला गेलेली नाही.

आता परत भाईंदरला.

मी हे सगळं मावसभावाला सांगितलं. उत्तनच्या बीचवर बसून, वडापाव खात. त्याला काय आवडलं असेल? कॅप्टन. 1956 च्या टीमचा कॅप्टन समर बॅनर्जी, ज्याला सगळे बद्रू म्हणायचे, तो डॉक्टरकीचं शिक्षण सोडून फुटबॉलकडे आला होता. हे मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. “बघ दादा! मेडिकल सोडलं त्याने. मी तर फक्त जेईई सोडतोय.”

मी म्हटलं, अरे, पण तेव्हा कंपन्या नोकरी द्यायच्या. नेव्हिलला कॅलटेक्स होती. तुला कोण आहे? मुंबई सिटीची जर्सी घालून फिरतोस, पण 2025 च्या जुलैमध्ये आयएसएलचाच सीझन होल्डवर टाकला होता, आठवतंय? देशातली सगळ्यात मोठी लीग, करारावरून अडकली. पगार थांबल्याच्या बातम्या आल्या. नेव्हिलच्या वेळी ग्लॅमर नव्हतं पण महिन्याच्या शेवटी पगार होता. आज ग्लॅमर आहे आणि पगाराचं कोणी सांगू शकत नाही. हा फरक आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तुझा गुडघा गेला नसता तर तू सोडलं असतंस का?”

एवढे एपिसोड केले, कॉर्पोरेटमध्ये एवढी प्रेझेंटेशन्स दिली, पण या प्रश्नावर मला खरंच काही सुचेना. समोर मच्छीमारांच्या होड्या परत येत होत्या, त्या बघत बसलो. शेवटी म्हटलं, माहीत नाही. आणि मग पहिल्यांदा त्याला त्या स्प्रेची गोष्ट सांगितली. दुखत असताना उतरलो, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती. ‘शहाण्यासारखं सोडून दिलं’ वगैरे काही नव्हतं. त्याला म्हटलं, तुला काय करायचं ते कर, पण दुखत असेल तर कोणी काहीही सांगो, उतरायचं नाही. फिजिओला दाखवायचं. एवढं वचन दे.

मग रात्री मावशीला फोन केला. तिला वाटत होतं मी गड जिंकून आलोय. मी म्हटलं, मावशी, आधी एक सांगतो, मी फुटबॉल सोडला नव्हता. तिला सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, “तेव्हा का नाही बोललास? आम्ही कोण परके होतो?” आता याला काय उत्तर देणार.

एक तास बोललो. मी तिला म्हटलं, बारावी पूर्ण करू दे, नीट मार्कांनी. पण एक वर्ष त्याला ट्रायल्स देऊ दे. रेल्वेत, बँकांत, पोलिसात आजही स्पोर्ट्स कोटा आहे, ते नेव्हिलच्या जमान्यातलं उरलेलं दार आहे, लहान झालंय पण बंद नाही. कोचिंगचं लायसन्स आहे, फिजिओथेरपी आहे, खेळाभोवतीची कामं आहेत. पण त्याचा आधी खेळ तरी बघा. मावशी, तू त्याची एक तरी मॅच बघितलीस का? ती म्हणाली, नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही. काका दुकानात, ती घरात, आणि मॅचेस कायम वांद्रे नाहीतर कूपरेज, दीड तास लांब. आपल्याकडे मीरा-भाईंदरला एवढी लाखांनी वस्ती आहे, टॉवरवर टॉवर, मेट्रोचे खांब उभे राहिले, पण पोराला पूर्ण साइजच्या मैदानावर मॅच खेळायची तर लोकल पकडावी लागते. टर्फ म्हणजे मैदान नाही, मंडळी. टर्फवर लाँग पास मारला की जाळीला लागतो आणि परत येतो, खऱ्या मैदानावर तो शोधायला धावावं लागतं. तिथे कळतं कोण स्ट्रायकर आहे.

मागच्या रविवारी ट्रायल होती. त्याच दिवशी क्लासची टेस्ट पण होती. मावशीने टेस्ट सोडायला परवानगी दिली, पण एका अटीवर, ती स्वतः येणार. सकाळी सव्वासहाची भाईंदर लोकल, तिघं जण, मावशीच्या पिशवीत थालीपीठ आणि दही. वांद्र्याला उतरून रिक्षा केली. गेटवर पोचलो तर मावशी थांबली, बोर्ड वाचला आणि त्याच्याकडे वळून विचारलं, “हे कोण रे?”

तो बॅग खाली ठेवून सांगायला लागला. आसगाव, कॅलटेक्स, दहा-एक, ऑस्ट्रेलिया, नववं मिनिट. माझ्याकडून ऐकलेलं, पण क्रम स्वतःचा. हॅट्ट्रिकपर्यंत आला तेव्हा आतून शिट्टी वाजली आणि तो पळाला. मावशी मला म्हणाली, “मग पुढे काय झालं? सेमीफायनलचं?” उरलेली गोष्ट मी तिला बाकावर बसून सांगितली, डोळे मात्र तिचे मैदानावर.

ट्रायलचा निकाल अजून आलेला नाही. आला की सांगेन, लागला तरी आणि नाही लागला तरी.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसात कोणी जुने मुंबई फुटबॉल बघितलेले आजोबा असतील, कूपरेजला रोव्हर्स कपला जाणारे, मफतलालच्या, ओर्केच्या मॅचेस आठवणारे, तर त्यांच्याजवळ फोन ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. मग ती क्लिप आम्हाला पाठवा. आवाज क्लियर नसला तरी चालेल, एडिट करणं माझं काम. पुढच्या गुरुवारी भेटू.